पेढ्याची रांग आणि गौरव्वाची शेळी

बावीस रोपांच्या माना मी शिवणाच्या कात्रीनं एका सकाळीत उडवल्या आणि नाव शेळीचं घेतलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला उगाच भली बाई समजायला नको. शेळी गरीब होती. तशी मीही तेव्हा गरीबच दिसायचे. नवी सून, डोक्यावर पदर, नजर जमिनीकडं. खाली घातलेल्या मानेत काय शिजतंय ते सासरच्या माणसांना दिसत नाही, एवढी एक सोय त्या पदरात होती आणि मी ती पुरेपूर वापरली.

पंचेचाळीसहून जास्त वर्षं झाली या गोष्टीला. पण पौष लागला, बोरं गदरायला लागली, की मला ती शेळी आठवतेच. सकाळी बागेत शिरलं की आधी नाकाला कळतं. आंबूस-गोड वास, गुळाच्या ढेपेचं पोतं उघडल्यासारखा. पानं दवानं जड झालेली असतात. बोरीचं पान वरून हिरवं आणि खालून पांढुरकं, लव असलेलं. होटगीकडून गाडी धडधडत गेली की तिच्या मागोमाग वारा येतो, सगळी पानं एकदम उलटी होतात आणि अख्खी बाग क्षणभर म्हातारी होऊन परत तरणी होते. मला काही ते जमत नाही. मी आपली म्हातारीच राहते आणि बांधावर खुर्ची टाकून बसते.

तोडणीच्या बाया उजाडायलाच येतात. जुन्या पायमोज्यांची बोटं कापून हातात चढवतात, कारण बोरीला जोडकाटे असतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. सरळ काटा टोचतो आणि सोडून देतो. वाकडा धरून ठेवतो. बाया फांदी वाकवून बोरं पाटीत टाकत जातात आणि एकमेकींच्या सुनांची सालं काढत जातात. मी जवळ गेले की विषय बदलतात. मला वाईट वाटतं, कारण विषय रंगात आलेला असतो.

यंदा संक्रांत झाल्यावर बागेत एक बोरन्हाण झालं. गौरव्वाच्या पणतीचं. गौरव्वा म्हणजे त्या शेळीची मालकीण. ती जाऊन बरीच वर्षं झाली. तिचा नातू सोलापुरात रेल्वेत आहे, तो बायकोला आणि वर्षाच्या पोरीला घेऊन आला. त्यांच्यात पोरीच्या बोरन्हाणाची पद्धत होती की नव्हती हे कुणी विचारलंही नाही. आमच्या बागेच्या आसपास ज्या घरात पहिलं लेकरू येतं, त्याचं बोरन्हाण आमच्या बोरांनी होतं, हे इथं कधीपासून चालत आलंय ते मलाही ठाऊक नाही. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, उसाचे करवे आणि चुरमुरे ओतले तशी आजूबाजूची पोरंसोरं तुटून पडली. उत्सवमूर्तीनं एकदा भोकाड पसरलं, मग मांडीत पडलेलं एक बोर उचलून तोंडात घातलं आणि सगळं माफ केलं.

माझी नात सई शेतीचं शिकून आली आहे आणि आता बाग तीच बघते. पाहुणे येणार म्हणून ती पुढच्या फाटकात जाऊन उभी राहिली. पाहुणे तोवर मागच्या ओढ्यातून, बांधातल्या खिंडीतून आत येऊन माझ्याजवळ बसलेसुद्धा. सई परत आली ती जरा वैतागूनच. रानडुकरांसाठी तिनं सगळ्या बागेला झटक्याच्या तारा ओढल्यात, तेवढी एक खिंड सोडून. तिच्या वडिलांनी ती सोडायला लावली, आणि का ते त्यांनाही सांगता येईना.

"आज्जी, सगळीकडनं बंदोबस्त करायचा आणि हितं हे भगदाड ठेवायचं. कशाला?"

मी म्हटलं, ते भगदाड नाही, ती वाट आहे. कुणाची वाट, असं तिनं विचारलं. तोंडी सांगायला लागले तर मला मधेच हसू यायला लागलं आणि मग मधेच दुसरंच काहीतरी व्हायला लागलं, म्हणून लिहून काढते.

मी सोलापूर शहरातली. वडील एका कचेरीत कारकून, घर दोन खोल्यांचं, शेजार विणकरांचा, त्यामुळं लहानपणी मागाचा आवाज थांबला की मला जाग यायची. बारावीला सायन्स घेतलं होतं आणि जीवशास्त्रात वर्गात दुसरी आले होते. पहिली का नाही आले, याचं खापर मी कायम शिकवणाऱ्या बाईंवर फोडायची. ही सवय लक्षात ठेवा, पुढं उपयोगाला येईल.

लग्न होऊन होटगीच्या अलीकडं या बागेत आले. हे सोलापुरात नोकरीला, शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. बाकीचे दिवस घरात सासरे, सासू आणि मी. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्या. मामा बोलायचे कमी. त्यांचं सगळं बोलणं झाडांशी झालेलं असायचं, माणसांच्या वाट्याला उरलंसुरलं यायचं.

या बागेतलं काही वाया जात नाही आणि सगळंच आमच्या घरातही येत नाही, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. चैत्रात छाटणी झाली. मी घाबरलेच. भरल्या अंगाची झाडं घरच्यांनी दोन दिवसांत बोडकी करून टाकली. आणि छाटणीच्या दिवशी सगळी वस्ती बागेत. ज्यांच्या शेळ्या होत्या त्यांनी पाला नेला, ज्यांना कुंपण करायचं होतं त्यांनी काटे ओढत नेले, जाड फांद्या कुणाच्या चुलीला, कुणाच्या कुऱ्हाडीच्या दांड्याला गेल्या. संक्रांतीला सुगडं देणाऱ्या कुंभाराला बोरं, शाळेला पहिली पाटी. कुणी मागत नव्हतं आणि कुणी देत नव्हतं, नुसतं चाललेलं होतं. शहरात आमच्या गॅलरीतली तुळस शेजारणीनं विचारल्याशिवाय खुडली तर आई आठवडाभर बोलायची नाही. मला वाटलं, काय भोळी माणसं आहेत, यांना कुणीतरी शिकवायला पाहिजे. ते कुणीतरी कोण, हे सांगायला नको.

विहिरीच्या काठावर एक जुनं झाड होतं, मामांच्या वडिलांच्या हातचं. त्याची बोरं पिवळीधमक, गोल आणि वरून किंचित चपटी, म्हणून लोकांनी त्याला नाव ठेवलं होतं पेढ्या. वाळवून डब्यात ठेवली तर उन्हाळ्यातसुद्धा चव तीच. त्या वैशाखात वळवाचं वारं सुटलं आणि पेढ्या मुळासकट विहिरीत पडला. चार माणसं दोर लावून दोन दिवस तो बाहेर काढत होती. मामा काठावर नुसते बसून होते. आत्यांनी त्यांना भाकरी तिथंच नेऊन दिली.

पण मामांनी आदल्या पावसाळ्यात एक शहाणपण केलं होतं. विहिरीजवळ रानबोरीच्या बिया टोकून उगवलेली बावीस रोपं होती. रानबोरीचं खोड बोटाएवढं झालं, की तिच्या सालीत चांगल्या बोरीचा एक डोळा बसवून पट्टीनं बांधायचा. तो जगला आणि फुटला, की त्याच्या वरचा रानबोरीचा शेंडा उडवून टाकायचा. मग सांध्याच्या खाली रानबोर आणि वर चांगली बोर, असं एक झाड होतं. त्या बावीसच्या बावीस रोपांवर मामांनी पेढ्याचे डोळे भरले होते. म्हणजे पेढ्या गेला होता, पण त्याची बावीस लेकरं रांगेत उभी होती. आणि त्यानंतर मामांचा हात कापायला लागला. चहाची बशी त्यांना दोन हातांनी धरावी लागायची. चाकू धरून डोळा काढणं आता त्यांच्याच्यानं होणार नव्हतं. ती रांग त्यांच्या हातची शेवटची होती. हे सगळं मला माहीत होतं, म्हणून तर माझी जास्त कमाल.

ज्येष्ठात मामा कुणाच्या तरी लग्नाला करकंबला निघाले. दोन दिवस लागणार होते. जाताना मला रांगेशी घेऊन गेले आणि म्हणाले, "सांध्याच्या वरची फूट ऱ्हाऊ द्यायची, खालची समदी काढायची. खालची जोरात येती, ती रानबोर हाय. तिला भुलू नगं."

इतकं स्पष्ट. यात न कळण्यासारखं काय होतं? मी मान हलवली. पदरातल्या मानेला हलायची सवय झालेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्री घेऊन रांगेत गेले आणि पाहिलं, तर सांध्याच्या वर वीतभर काडी, तिच्यावर उन्हानं मलूल झालेली चार पानं. आणि सांध्याच्या खालून माझ्या कमरेएवढे तजेलदार फुटवे, रसरशीत, नुसते उसळलेले. माझ्यातली जीवशास्त्रात दुसरी आलेली मुलगी जागी झाली. पुस्तकात सरळ लिहिलं होतं, दुबळं मरतं आणि बळकट टिकतं. वरची काडी तर जवळजवळ वाळलेलीच. हे लोक पिढ्यान्‌पिढ्या सवयीनं करत आलेत, कुणी विचार म्हणून केलेला नाही, असं मी स्वतःशी म्हटलं. मामा परत आल्यावर हिरवीगार रांग बघून काय म्हणतील, आणि मी कशी नम्रपणे "काही विशेष नाही" म्हणेन, हेही ठरवून टाकलं. मग एकेका रोपाशी बसून सांध्यापाशी वरची काडी कापत गेले. कच, कच, कच. बावीस. स्वच्छ, तिरपा काप, पुस्तकातल्या आकृतीसारखा. नंतर कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि खरं सांगते, मला फार छान वाटलं. मूर्खपणा पुरा झाल्यावर आणि तो कळण्याच्या आधी मधे जो वेळ असतो, तेवढा निवांत वेळ माणसाला आयुष्यात दुसरा मिळत नाही.

माझा तो वेळ आत्यांनी संपवला. त्या विहिरीवर आल्या, रांगेकडं बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. पेढ्याची काडी कुणी मोडली, एवढंच विचारत राहिल्या. त्यांच्या तोंडाकडं बघून मला पुस्तकाशिवाय सगळं कळलं. आणि नेमकी त्याच वेळी बांधातल्या खिंडीत गौरव्वाची पांढरी शेळी, मल्ली, उभी राहून बेंऽऽ म्हणाली.

मी म्हटलं, "शेळी शिरली होती."

गौरव्वा ओढ्यापलीकडं रुळाच्या कडेला राहायची. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेल्यापासून एक लेक आणि दोन शेळ्या एवढा तिचा संसार. चाळिशीची, उंच, काळीसावळी बाई, कानडी आणि मराठी एकाच वाक्यात बोलायची. तिच्याकडं पाणी नव्हतं. रोज सकाळी त्या खिंडीतून येऊन आमच्या विहिरीवर दोन घागरी भरायची. मल्ली तिच्या मागं. घरात कुणी आजारी पडलं, की न सांगता शेळीच्या दुधाचं भांडं आमच्या ओट्यावर येऊन पोचायचं.

आत्यांनी मला पुढचं काही विचारलं नाही. त्याच दुपारी छाटणीतले उरलेले काटे ओढून त्यांनी खिंड बुजवून टाकली. आत्या वाईट नव्हत्या. त्यांचा नवरा दोन दिवस विहिरीकाठी बसलेला त्यांनी बघितला होता.

मामा आले. रांगेत फिरले. प्रत्येक रोपाशी वाकून त्या कापाकडं बघितलं. आत्या शेळीच्या नावानं बोटं मोडत होत्या, ते ऐकलं. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणाचा डबा उघडला तर कात्री जागेवर होती. आता, कात्री तर मी गडबडीत रांगेतच विसरले होते. ती पुसलेली होती. बिजागरीला तेलाचं बोट लावलेलं होतं.

त्या कात्रीनं मला जितकं भेडसावलं तितकं मला सासूनंही कधी भेडसावलं नाही. मामा काही बोलेनात. मीही बोलेना. आणि रोज सकाळी विहिरीवर पाणी शेंदताना मला दिसायचं, दूर रुळाच्या कडेकडेनं गौरव्वा डोक्यावर घागर, काखेत घागर घेऊन रेल्वे फाटकाच्या बाजूला चाललेली असायची. खिंड बंद म्हटल्यावर तिला पार रेल्वे फाटकापर्यंत जाऊन पलीकडच्या आडावरून पाणी आणावं लागायचं. ज्येष्ठातलं ऊन, खालची खडी तापलेली. ती आमच्याकडं बघायची नाही. मी मात्र तिच्याकडं बघायची, कारण विहिरीवरून दुसरीकडं बघायला काही नव्हतं. भांडायला आली असती तर किती बरं झालं असतं. मी शेळीच्या वाईट चालीवर चांगलं अर्धा तास बोलू शकले असते, तयारी होती माझी. पण ती नुसती चालत होती.

माझं जेवण कमी झालं. आत्यांना वाटलं दिवस गेले, त्या माझ्या पानात जास्तीचं तूप वाढायला लागल्या. एका खोट्यामागं असं किती साजूक तूप मी खाल्लं, याचा हिशोब वर कुठंतरी मांडलेला असेल.

महिना गेला. आषाढाच्या तोंडाला मामा मला म्हणाले, "खुंट जित्तं हायत. खालची फूट चांगली जाड झालीया. तिच्यावरच परत डोळं भरायचं. पर काडी पेढ्याची पायजे, आन् पेढ्या आता एकाच जागी ऱ्हायलाय."

कुठं, असं मी विचारलं.

"गौरव्वाच्या दारात. लई वर्सामागं तिच्या रानबोरीवर मीच डोळा भरलाता. तूच जा मागायला. शिकल्याली हायस, नीट बोलशील."

हे म्हणताना ते हसले नाहीत. त्यांना जाता आलं असतं. पाय धड होते, फक्त हात कापत होता.

मी निघाले. खिंडीत काटे, म्हणून मलाही लांबूनच जावं लागलं. रेल्वे फाटकापर्यंत, मग पलीकडून रुळाच्या कडेनं मागं. रिकाम्या हातानं चालत होते तरी माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि निम्म्या वाटेत मी तहानले. यातली रुळाकडची वाट ती दोन घागरी घेऊन महिनाभर चालली होती. मी मोजायला गेले नव्हते, पण पाय आपोआप मोजत होते.

तिच्या दारात पेढ्या उभा होता. तोच, विहिरीत पडलेला, इथं धडधाकट. त्याला मल्ली बांधलेली. तिनं माझ्या पदराचं टोक तोंडात घेतलं आणि शांतपणे चघळायला लागली. मी सोडवून घेतलं नाही. म्हटलं खा बाई, तुझा हक्कच आहे.

गौरव्वा बाहेर आली. "बा तंगी, बस," म्हणाली. कानडीत बा म्हणजे ये आणि तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी अजून काही बोललेही नव्हते तोवर ती आत गेली आणि ओल्या तरटात गुंडाळलेला जुडगा घेऊन आली. पेढ्याच्या डोळकाड्या, पानं काढून, सारख्या लांबीच्या, कापून तयार. मामांनी कुणाच्या तरी हाती आधीच निरोप धाडला होता. मला फक्त उचलून न्यायच्या होत्या. म्हणजे काही न सांगता परत जायची सोय झालेली होती. तरटाचं पाणी माझ्या मांडीवर गळत होतं.

मी म्हटलं, "शेळी नव्हती. मीच कापलं. कात्रीनं."

यावर ती काय म्हणाली ते मी मागं ठेवते. पाटीतलं गोड बोर शेवटी खायचं असतं.

परत येताना मी लांबून आले नाही. तिच्याकडून सरळ ओढ्यात उतरले, खिंडीशी आले आणि काटे ओढायला लागले. बोरीचा वाळला काटा ओल्यापेक्षा वाईट. हात कोपरापर्यंत ओरबाडले. तोवर पलीकडून आत्या आल्या आणि हे काय म्हणून बघत राहिल्या. मी तिथंच, काट्यांच्या पलीकडून, त्यांना सगळं सांगितलं. आत्यांनी एकदा त्या काट्यांकडं आणि एकदा माझ्या हातांकडं बघितलं. मग म्हणाल्या, "मग काटं तूच काढ, समदं," आणि घरात निघून गेल्या. संध्याकाळी त्या सूप भरून शेवया घेऊन त्याच खिंडीतून गौरव्वाकडं गेल्या आणि दिवेलागण होऊन गेली तरी परत आल्या नाहीत. तिथं काय बोलणं झालं, मला कधीच कळलं नाही. माझ्याविषयी झालं असणार, म्हणजे रंगलं असणार.

त्या दिवशी मी जेवले. दोन भाकरी आणि वर आणखी एक. मामांनी नुसतं बघितलं आणि आपल्या ताटातली हिरवी मिरची माझ्या ताटात सरकवली. लोक म्हणतात खरं बोलल्यावर हलकं वाटतं. मला तर नुसती भूक लागली.

मग डोळे भरण्याचे दिवस. मामा माझ्या बाजूला उकिडवे बसायचे आणि मी चाकू धरायची. कधी त्यांचा थरथरता हात माझ्या मनगटावर असायचा, आणि गंमत म्हणजे माझ्या हातावर टेकला की तो कमी कापायचा. काडीवरचा एक डोळा सालीसकट अलगद उचलायचा, पातळ, नखाएवढा. खुंटाची साल चिरून तो आत सरकवायचा, वरून पट्टी बांधायची, डोळा तेवढा उघडा ठेवायचा. पहिले दोन मी चिरडले. मामा म्हणाले, दाबू नगं, त्याला बसू दे. तिसऱ्याला जमलं. आणि ज्या फुटव्यांना मी चुकून जपलं होतं, त्यांच्याच अंगावर पेढ्या परत बसत होता. जीवशास्त्रातल्या दुसऱ्या नंबराला हे कुणी शिकवलं नव्हतं.

गौरव्वा रोज सकाळी घागरी घेऊन खिंडीतून यायची आणि जाताना रांगेशी थांबून बघायची. मल्ली आली की मी उठून उभी राहायची. गौरव्वा म्हणायची, बस की, ती काय न्हाय करत. एकदा तर मल्लीनं खरंच एका फुटव्याला तोंड लावलं आणि मी, गौरव्वा आणि आत्या, तिघी एकदम तिच्यावर ओरडलो. मग एकमेकींकडं बघून जे हसलो, ते आत्यांना ठसका लागेपर्यंत.

श्रावणात एका सकाळी रांगेतल्या पाचव्या रोपावर पट्टीतून हिरवा ठिपका बाहेर आला. मोहरीएवढा. मी मामांना हाका मारत घराकडं पळाले. पुढच्या आठ दिवसांत एकेक करत एकोणीस डोळे फुटले. तीन सुकले, ते परत भरले. मामा काठी टेकत रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवला, शेवटच्या रोपाशी थांबले आणि धोतराच्या सोग्यानं नाक शिंकरलं. त्यांच्या बाजूनं तेवढाच समारंभ.

एक गोष्ट मात्र मी अजून मामांना पुरती माफ केलेली नाही. कात्री त्यांनीच पुसून ठेवली होती, म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मी आपणहून बोलावं म्हणून ते गप्प बसले, हे चांगलंच. पण त्या गप्प बसण्यात चालले ते गौरव्वाचे पाय. मला शहाणं करायला दुसऱ्याच्या टाचा कशाला? पुढं कधीतरी मी हे त्यांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, व्हय, चुकलं. तेव्हापासून खिंडीत काटा टाकायचा नाही, असं त्यांनीच घरात सांगून ठेवलं. माझ्या मुलाला तेवढं आठवतं. का ते आठवत नाही, कारण तेव्हा तो जन्मलाच नव्हता. तो जन्मला त्या वर्षी रांगेनं पहिली बोरं दिली. झाडं माझ्या खांद्याएवढी, बोरं मूठभर, पण पेढ्याच. त्याच्या बोरन्हाणाला पहिली ओंजळ गौरव्वानं ओतली.

आता त्या बावीसांतली चौदा उभी आहेत. सईनं बाकीच्या बागेत लिंबाएवढ्या बोरांची नवी जात लावली आहे. दिसायला देखणी, चवीला पाण्याची बहीण. बाजारात तीच मागतात, म्हणून मी काही बोलत नाही, फक्त खाताना तोंड वाकडं करते आणि सई ते बघते. पण पेढ्याच्या डोळकाड्या कुणीही मागायला आलं तर ती स्वतः कापून, ओल्या तरटात गुंडाळून देते. हे तिला शाळेत शिकवलेलं नाही. देत राहिलं तर आपलं कुठंतरी उरतं, हे आमच्या घरात विहिरीत पडलेल्या झाडानं शिकवलं.

परवा बोरन्हाण आटोपल्यावर गौरव्वाची नातसून पोरीला कडेवर घेऊन खिंडीतून परत निघाली. पोरीनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरून ठेवलं होतं आणि ते ती चघळत होती. मी सोडवून घेतलं नाही. खिंडीपर्यंत तशीच तिच्या मागं मागं चालत गेले.

तर सई, ती वाट गौरव्वाची आहे. आणि आता ते मागं ठेवलेलं बोर. मी कात्रीचं सांगून खाली मान घालून बसले होते. गौरव्वानं माझा पदर शेळीच्या तोंडातून सोडवला, पिळून माझ्या हातात दिला आणि म्हणाली,

"मला पयल्या दिवशीच खिंडीतनं रांग बघून कळलं हुतं की, तंगी. शेळी काय शाळंत गेल्याली न्हाय, सांध्याच्या वरचं तेवढं निवडून खायाला. ती शिरली असती तर समदंच खाऊन आली असती. जा आता, काड्या सुकत्याल."